कोठारं पाडून मोठी बांधीन

दहा आज्ञांपैकी बहुतेक आज्ञा मोडल्या की कुठेतरी खूण उरते. चोरी झाली की रिकामं कपाट दिसतं, खोट्या साक्षीला निदान ऐकणारा कुणी असतो. शेवटची आज्ञा मोडली तर शेजाऱ्याला पत्ता लागत नाही, आणि मोडणाऱ्यालाही बहुधा लागत नाही. बायबलमधल्या निर्गमच्या 20 व्या अध्यायात ती आहे: शेजाऱ्याच्या घराचा लोभ धरू नको. तिथून पुढे बायको, दास, दासी, बैल, गाढव. आम्हा कॅथलिकांना धर्मशिक्षणाच्या वर्गात ती नववी आणि दहावी अशी फोडून शिकवतात, त्यामुळे मूळ यादीचा क्रम लहानपणी माझ्या ध्यानात आला नव्हता. अलीकडे वाचताना तिथेच थांबलो. यादीत सगळ्यात आधी घर आहे.

ठाण्यात राहणाऱ्या माणसाने इथे थांबायलाच हवं. नौपाडा, चरई, पाचपाखाडी, कुठल्याही गल्लीत शिरा, एखादी तरी इमारत पुनर्विकासासाठी हिरव्या जाळीत गुंडाळलेली दिसते. तलावपाळीवर फिरायला आलेली ज्येष्ठ मंडळी पूर्वी गुडघ्यांबद्दल बोलायची, आता कार्पेट एरियाबद्दल बोलतात. ‘तुमचं झालं का?’ या प्रश्नाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ‘आमचं डीएवर अडकलंय,’ म्हणजे बिल्डरबरोबरच्या करारावर, असं उत्तर आलं की समोरचा सहानुभूतीने मान हलवतो आणि लगेच विचारतो, ‘जादा किती देतोय?’

आमची इमारतही त्याच रांगेत आहे. चार मजले, लिफ्ट नाही, पावसाळ्यात जिन्याच्या भिंतींना ओल. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गुडघ्यांमुळे महिनोन्महिने खाली उतरत नाहीत. त्यांच्यासाठी चर्चमधून परमप्रसाद घेऊन यावा लागतो, तसा शेजारच्या दुसऱ्या एका आजींना देवदर्शन मोबाईलवर दाखवावं लागतं. स्लॅबचे पोपडे निघून लोखंड दिसायला लागलंय. अशा इमारतीत राहणाऱ्यांनी नवी, भक्कम इमारत मागणं यात लोभ नाही. हे आधीच स्पष्ट सांगतो, कारण लोभाविषयी बोलायला लागलं की काही धार्मिक माणसं गरजेलाच दटावतात. ज्याचं पोट भरलेलं आहे त्याने दुसऱ्याला साधेपणा शिकवणं मला सहन होत नाही.

पण गरज संपून दुसरं काहीतरी कुठे सुरू होतं, ते मी आमच्याच इमारतीत पाहिलं. आर्किटेक्टच्या ऑफिसातून एक मुलगा मोजणीला आला होता. आता टेप धरायला दोन माणसं लागत नाहीत. हातात मावेल एवढं लेझरचं यंत्र एका भिंतीला टेकवायचं, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि आकडा उमटतो. मोजणी आतल्या प्लास्टरपासून प्लास्टरपर्यंत. एका घरातल्या हॉलला जुनं सागवानी पॅनेलिंग होतं, त्या गृहस्थांच्या लग्नाच्या वर्षी बसवलेलं. ठिपका त्या लाकडावर पडला. त्यांनी मुलाला थांबायला सांगितलं, सुतार बोलावला आणि संध्याकाळपर्यंत पॅनेलिंग उखडून काढलं. दुसऱ्या दिवशी ठिपका दीडेक इंच आत गेला. उघड्या भिंतीवर खिळ्यांची भोकं आणि चाळीसेक वर्षं ऊन न लागलेला मूळ रंग दिसत होता. ही बातमी समोरच्या दाराला कळली. समोरच्यांनी लेखी हरकत घेतली की त्यांची मोजणी कपाटासकट झाली आहे, ती परत व्हावी. दोन्ही घरांत वर्षानुवर्षं दिवाळीचा फराळ आणि नाताळच्या नेवऱ्यांची ताटं जात-येत होती. आता जिन्यात समोरासमोर आले तर एक जण मोबाईल काढतो, दुसरा भिंतीकडे बघत उतरतो.

इंचाला ठाण्यात किंमत आहे, मला माहीत आहे. त्या इंचाचा हिशेब केला तर रक्कम खोटी निघणार नाही. दोघांचीही मागणी नियमात बसणारी होती. आणि नेमकी तिथेच लूकच्या शुभवर्तमानातली ती घटना मला आठवते.

12 व्या अध्यायात येशू गर्दीला शिकवतोय. गर्दीतून एक जण ओरडतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वतनाची वाटणी करून दे म्हणावं. या माणसाचा दावा खोटा होता असं लूक कुठेही म्हणत नाही. कदाचित भावाने खरंच त्याचा हिस्सा दाबला असेल. येशू त्याची बाजूही घेत नाही आणि भावाचीही घेत नाही. मला तुमच्यात न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कुणी नेमलं, असं विचारून तो सगळ्यांकडे वळतो आणि म्हणतो, सांभाळा, सगळ्या प्रकारच्या लोभापासून जपा. माणसाजवळ पुष्कळ असलं म्हणून त्याचं जीवन त्या मालमत्तेत नसतं. न्याय मागायला आलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. आपला हक्क खरा असतानाही आपण लोभात असू शकतो, ही त्या प्रसंगातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. वाटण्यांचे दावे कोर्टात वर्षानुवर्षं चालतात. त्यातली कागदपत्रं खरी असतात, आणि ती कागदपत्रं घेऊन जाणारे भाऊ एकमेकांच्या मयताला जात नाहीत.

मग येशू दाखला सांगतो. एका धनवानाच्या शेताला भरपूर पीक आलं. त्याने कुणाला लुबाडलं नव्हतं, मजुरी बुडवली नव्हती. जमिनीने दिलं, देवाने पाऊस दिला. तो मनाशी म्हणतो, आता काय करू, साठवायला जागा नाही. मग ठरवतो: माझी कोठारं पाडीन आणि मोठी बांधीन. धान्य आणि माल तिथे भरीन आणि माझ्या जिवाला म्हणेन, जिवा, पुष्कळ वर्षांची बेगमी झाली, आराम कर, खा, पी, मजा कर. त्याच रात्री देव त्याला म्हणतो, मूर्खा, आज तुझा जीव मागितला जाणार आहे; मग जे साठवलंस ते कुणाचं होईल?

पाडून मोठं बांधणं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या वाक्याला ठाण्यातल्या माणसाला टीप लागत नाही.

या दाखल्यात मला सगळ्यात जास्त खुपतं ते त्या माणसाचं एकटेपण. गोष्टीत दुसरं माणूसच नाही. एवढं पीक एकट्याने कापलं नसणार, पण मजूर दिसत नाहीत. बायको नाही, मुलं नाहीत, ज्याला सल्ला विचारावा असा शेजारी नाही. आनंदाची बातमीसुद्धा तो स्वतःच्याच जिवाला सांगतो. त्याच्याशी बोलणारा पहिला आवाज देवाचा, आणि तोही मरणाच्या रात्री. मरण त्याला एकटं पाडत नाही, तो आधीच एकटा झालेला आहे. आमच्या जिन्यात भिंतीकडे बघत उतरणारा माणूस मला त्याच वाटेवर दिसतो, आणि त्याची काळजी वाटते. दीड इंचाच्या बदल्यात त्याने एक दार गमावलंय.

एवढं नुकसान करणारं पाप ओळखू कसं येत नाही? पापनिवेदनाच्या रांगेत उभा राहिलेला माणूस रागाची, खोट्याची, रविवारची मिस्सा चुकवल्याची कबुली देतो. ‘मी लोभी आहे’ असं म्हणायला जीभ वळत नाही, कारण मनाला तसं वाटतच नाही. याचं सगळ्यात खरं उत्तर मला चौथ्या शतकातल्या एका संन्याशाकडे सापडलं. इव्हाग्रियस हा मोठ्या शहरातला विद्वान माणूस सगळं सोडून इजिप्तच्या वाळवंटात जाऊन राहिला आणि 399 साली तिथेच वारला. माणसाच्या मनात शिरणाऱ्या आठ वाईट विचारांची यादी त्याने केली. पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी अशाच यादीतून सात प्रमुख पापं मांडली, ती आज जगभर माहीत आहेत. त्या आठांत पैशाचा लोभ आहे. त्याचं वर्णन करताना इव्हाग्रियस सोन्याच्या नाण्यांबद्दल किंवा मेजवान्यांबद्दल बोलत नाही. तो म्हणतो, हा विचार माणसाच्या डोळ्यांपुढे लांबलचक म्हातारपण उभं करतो, काम न करू शकणारे हात दाखवतो, येणारा दुष्काळ दाखवतो, आजारपण दाखवतो आणि पोटासाठी दुसऱ्यापुढे हात पसरण्याची लाज दाखवतो.

वाळवंटात झोपडीत राहणाऱ्या, जवळ काहीही नसलेल्या संन्याशांना हे लिहिलं होतं. त्यांनासुद्धा लोभ व्हायचा, आणि तो भीतीच्या रूपाने यायचा. हे वाचल्यापासून मी लोभाकडे वेगळ्या नजरेने बघतो. तो ऐषारामाची स्वप्नं घेऊन आला असता तर आमच्यासारख्या काटकसरी मध्यमवर्गीयांनी त्याला दारातूनच हाकललं असतं. तो हॉस्पिटलचं बिल घेऊन येतो. मुलांच्या फीची पावती घेऊन येतो. ‘उद्या आपलं कोण बघणार?’ असं विचारतो, आणि त्याला आपण आत घेतो, बसायला खुर्ची देतो, कारण तो शहाणपणाचं बोलत असतो.

माझ्या नात्यातले एक काका वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झाले. आयुष्यभर कुणाचा एक पैसा बुडवला नाही. निवृत्तीच्या पैशातून घोडबंदर रोडला एक फ्लॅट घेतला, मग दुसरा. दोन्ही बंद आहेत. भाडेकरू ठेवला तर घर खराब करेल, शिवाय सोडून जाईलच याची खात्री नाही. ठेवींच्या पावत्या ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ती पिशवी जुन्या उशीच्या खोळीत घालून ठेवतात आणि मुदतीची तारीख वहीत लाल शाईने लिहितात. काकींना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दोन वर्षं थांबवलं, मुदत संपेपर्यंत ठेव मोडायची नाही म्हणून. ते वाईट माणूस नाहीत. लहानपणी त्यांनी भूक पाहिली आहे. गिरण्यांच्या संपानंतर घरात दोन वेळा चूल पेटायची नाही, हे ते अजून सांगतात. त्यांची भीती खरी आहे. मी त्यांना एकदा विचारलं, काका, किती झालं की निर्धास्त व्हाल? ते बराच वेळ विचार करत राहिले. आकडा सांगता आला नाही. मग म्हणाले, तसं काही सांगता येत नाही बाबा, दिवस कसे येतील.

याच ठिकाणी ख्रिस्ती श्रद्धेला धोका दिसतो, आणि म्हणूनच प्रेषित पौल कलस्सैकरांना, म्हणजे कलस्सै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिताना लोभाला सरळ मूर्तिपूजा म्हणतो. पूर्वी हे वाक्य मला अतिशयोक्त वाटायचं. पैशाला कुणी धूप-दीप करत नाही, मग मूर्तिपूजा कसली? पण रात्री दोन वाजता भीती वाटली की मन कुणाकडे धाव घेतं, हे बघावं. संकटात ज्याचा आधार आठवतो तो आपला देव. काका रोज सकाळी प्रभूची प्रार्थना म्हणतात, रोझरीही चुकवत नाहीत. आणि मनाला धीर मिळतो तो उशीच्या खोळीतून. प्रार्थना तशाच राहतात, रविवार तसाच राहतो, गळ्यातला क्रूस तसाच राहतो; आतली जागा मात्र कधीच दुसऱ्याच्या नावावर झालेली असते. लोभाने देवाला घराबाहेर काढलं असतं तर निदान आवाज तरी झाला असता. तो देवाला पाहुण्यासारखं हॉलमध्ये बसवतो आणि किल्ल्या स्वतःकडे ठेवतो. येशूने डोंगरावरच्या प्रवचनात देव आणि धन या दोन धन्यांची सेवा होणार नाही म्हणून सांगितलं तेव्हा त्याच्यापुढे नास्तिक बसलेले नव्हते. सगळे प्रार्थना करणारेच होते.

त्याच डोंगरावर त्याने आपल्याला मागायला शिकवलं: आमची रोजची भाकर आज आम्हांस दे. आजची. त्यामागे वाळवंटातला मान्ना, म्हणजे देवाने पुरवलेलं अन्न, आहे. इस्राएल लोकांना दररोज सकाळी त्या दिवसापुरता मान्ना मिळायचा, आणि उद्यासाठी म्हणून ज्यांनी साठवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायची मुभा होती आणि तो टिकायचा. म्हणजे साठवणं मुळातच पाप नाही. देवाने सांगितल्यावर विसाव्यासाठी साठवलेलं टिकलं. देव उद्या देईल की नाही या संशयाने साठवलेलं सडलं. निवृत्तिवेतन, विमा, मुलीच्या शिक्षणाची तरतूद यांना मी विरोध करणार नाही. मी फक्त एवढंच बघतो की ती तरतूद केल्यावर मनाला विसावा मिळतो, की भूक आणखी वाढते.

ठाण्याच्या ख्रिस्ती लोकांना हा विषय टाळता येणार नाही, याला आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. पोर्तुगीज यायच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी, 1321 च्या एप्रिलमध्ये, ठाण्यात चार फ्रान्सिस्कन बंधू, म्हणजे संत फ्रान्सिस यांच्या संघातले संन्यासी, हुतात्मे झाले. तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियस. ते होर्मुझहून जहाजाने निघाले होते, जायचं होतं दक्षिणेला कोल्लमकडे. वाऱ्याने जहाज ठाण्याला आणलं. इथे ते एका सिरियाई परंपरेच्या ख्रिस्ती कुटुंबात उतरले. त्यांच्याबरोबर आलेले जॉर्डेनस नावाचे डॉमिनिकन या दुसऱ्या संघातले बंधू त्या वेळी ठाण्याबाहेर होते म्हणून वाचले. त्यांनी परत येऊन मृतदेह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे काही वर्षांत ओडोरिक हे प्रवासी फ्रान्सिस्कन आले आणि ती हाडं बरोबर घेऊन चीनपर्यंत गेले.

थॉमस यांची आधीची कहाणी मला ठाण्यातल्या त्या मरणाइतकीच महत्त्वाची वाटते. संत फ्रान्सिस 1226 साली गेले. आपल्या बंधूंनी पैशाला हातही लावू नये, स्वतःच्या मालकीचं काही ठेवू नये, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. ते गेल्यावर संघ वाढला, मठ मोठे झाले, देणग्या आल्या आणि नियम थोडा सैल करावा असं पुष्कळांना वाटू लागलं. त्यातही वाईट हेतू नव्हता. आजाऱ्यांची सोय, शिकणाऱ्यांची पुस्तकं, सगळी कारणं रास्त होती. थॉमस हे सैल करायला नकार देणाऱ्यांतले. त्यासाठी त्यांना त्यांच्याच संघाने तुरुंगात ठेवलं. 1290 च्या सुमारास सुटका झाल्यावर त्यांना आर्मेनियात पाठवलं, आणि तिथून फिरत फिरत उतारवयात ते ठाण्याच्या खाडीत उतरले. ते इथे मारले गेल्यावर दोनच वर्षांनी, 1323 मध्ये, ख्रिस्त आणि प्रेषित यांच्या मालकीचं काहीच नव्हतं असं म्हणणं पोप जॉन बाविसावे यांनी पाखंड ठरवलं. लोभ आणि दारिद्र्य यांचा वाद चर्चच्या आत किती खोल गेला होता हे यावरून कळावं. 1894 साली पोप लिओ तेरावे यांनी थॉमस यांना धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचे, घोषित केलं.

आपण सगळ्यांनी फ्रान्सिस्कन व्हावं असं मी म्हणत नाही. संसारी माणसाने भाडं भरायचं, दूध आणायचं, आईवडिलांची औषधं आणायची, हाही देवाने दिलेलाच मार्ग आहे. पण ज्या शहरात आपण इंचांवरून बोलणं टाकतो, त्याच शहराच्या मातीत ज्यांनी आपलं म्हणून काहीच ठेवलं नाही अशी माणसं मेली. इव्हाग्रियसने ज्या भीतींची यादी केली त्यातली एकही भीती थॉमस यांच्यापुढे नव्हती असं कसं म्हणावं? म्हातारपण होतं, परका देश होता, दुसऱ्याच्या घरचं अन्न होतं. त्यांनी त्या भीतीच्या हाती किल्ल्या दिल्या नाहीत, एवढंच.

आणि याच श्रद्धेच्या नावाने आज भाड्याच्या हॉलमध्ये काही प्रचारक सांगतात की विश्वासाचं बीज पेरा, शंभरपट मिळेल. फ्लॅट मिळेल, गाडी मिळेल, व्हिसा मिळेल. ऐकायला येणारी माणसं गरजू असतात, कर्जात बुडालेली असतात, म्हणून त्यांना दोष देववत नाही. पण क्रुसावर ज्याच्या अंगावरचे कपडेसुद्धा शिपायांनी वाटून घेतले, त्याला गुंतवणुकीची योजना करून टाकणं मला चीड आणतं. हे लोभाला बाप्तिस्मा देणं आहे.

लोभ आतल्या आत राहत नाही, हेही ठाण्याने पाहिलंय. 4 एप्रिल 2013 ला शीळ फाट्याजवळ लकी कंपाउंडमधली अनधिकृत इमारत कोसळली आणि 74 माणसं गेली. ईस्टर होऊन चारच दिवस झाले होते. वरचे मजले चढत होते आणि खालच्या मजल्यांवर कुटुंबं राहायला आणून बसवली होती. त्या आठवड्यात मला पुन्हा पुन्हा बायबलमधला नाबोथ आठवत राहिला. राजवाड्याला लागून असलेला त्याचा द्राक्षमळा अहाब राजाला हवा होता. भाजीचा मळा करायला, एवढ्याच कारणासाठी. नाबोथने वाडवडिलांचं वतन विकायला नकार दिला. राजा जेवेना, पलंगावर तोंड फिरवून पडून राहिला; राणीने खोटे साक्षीदार उभे केले, आणि नाबोथला दगडांनी मारलं. ती हत्या पलंगावर पडल्या पडल्या सुरू झाली होती.

आमच्या इमारतीत कुणी मरणार नाही, देवाची कृपा. पण दारातला एक माणूस हिशेबातून सुटलाय. जिन्याखालच्या खोलीत आमचा वॉचमन बायको आणि दोन मुलींबरोबर राहतो. तो पहाटे पाचला पाण्याचा पंप सुरू करतो. रात्री कुणाचा मुलगा उशिरा आला, कुणाचा गॅस संपला, सगळं त्याला माहीत. बिल्डरच्या ऑफर लेटरमध्ये प्रत्येक सभासदाचं जादा क्षेत्रफळ, कॉर्पस म्हणजे हातात मिळणारी एकरकमी रक्कम, तीन वर्षांचं भाडं, दलाली, सामान हलवायचा खर्च असा पूर्ण तक्ता आहे. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79(अ) खालच्या सभेत उपनिबंधक कार्यालयाचे प्रतिनिधी बसले होते, व्हिडिओ शूटिंग चालू होतं, आणि तीन तासांत त्या कुटुंबाचं नाव एकदाही निघालं नाही. तो सभासद नाही, त्यामुळे नियमात काही चुकलं नाही. लेझरवाल्या मुलाने सगळ्या खोल्या मोजल्या, ती खोली मोजली नाही. सभेत चहाचे कप तोच फिरवत होता.

लूकच्या 16 व्या अध्यायात धनवानाच्या दारात लाजर पडलेला असतो. धनवानाने त्याला मारलं नाही, हाकललं नाही. दोघेही मरतात. यातनेत असलेला धनवान वर बघून म्हणतो, बापा अब्राहामा, लाजराला पाठव, माझी जीभ थंड करायला. म्हणजे त्याला नाव माहीत होतं. दारातल्या माणसाला नावाने ओळखायचा, आणि नरकात गेल्यावरही त्याला कामाला पाठवायचंच सुचलं. ‘वॉचमनला सांगा, वर आणून देईल’, हे आम्ही दिवसातून किती वेळा म्हणतो.

या आजारावर चर्चने जे औषध सांगितलं ते मनाला समजावण्याचं नाही. मन समजत नाही. त्याच्याकडे हॉस्पिटलचं बिल तयार असतं. संत बाझिल कप्पदुकियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, कैसरियाला होते. 369 च्या सुमारास तिथे मोठा दुष्काळ पडला आणि धान्यवाल्यांनी भाव वाढायची वाट बघत कोठारं बंद ठेवली. तेव्हा बाझिल यांनी याच मूर्ख धनवानाच्या दाखल्यावर प्रवचन दिलं. कोठारं हवीत ना, गरिबांची पोटं आहेत की, तिथे भरा, असं त्यांनी सांगितलं. तू दाबून ठेवलेली भाकर भुकेल्याची आहे, पेटीतला अंगरखा उघड्याचा आहे, न वापरता कुजणारा जोडा अनवाण्याचा आहे. दान केलंस तर उपकार होईल असं ते म्हणत नाहीत. ज्याचं त्याला परत दे, असं म्हणतात. मग त्यांनी श्रीमंतांची कोठारं उघडायला लावली, मोठी पातेली चढवली आणि स्वतः वाढायला उभे राहिले. उपवासकाळात प्रार्थना आणि उपवास यांच्या जोडीने दानधर्म ठेवलाय तो याचसाठी. हात उघडला की मग हळूहळू मन उघडतं. मन उघडायची वाट बघत बसलं तर हात मिटलेलाच राहतो.

येशू स्वतःहून जक्कय जकातदाराच्या घरी उतरायला गेला तेव्हा त्याने जक्कयकडे पैसे वगैरे काही मागितले नव्हते. जक्कय स्वतः उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, कुणाला फसवलं असेल तर चौपट परत करतो. लोभातून बाहेर पडणारा माणूस आकडा सांगतो, हे मला त्यातलं खरेपण वाटतं.

म्हणून आम्ही काही सभासदांनी आकडा लिहून अर्ज केलाय. प्रत्येक घराने आपल्या कॉर्पसमधून ठरावीक रक्कम बाजूला काढावी, त्यातून बांधकाम होईपर्यंत वॉचमनच्या कुटुंबाचं खोलीचं भाडं आणि मुलींची फी जावी, नव्या इमारतीत त्याला परत कामावर घ्यावं आणि राहायला खिडकी असलेली खोली नकाशात आतापासूनच दाखवावी. अर्जावर आठ सह्या आहेत. पॅनेलिंग काढलेल्या शेजाऱ्यांनी वाचून लगेच सही केली. समोरच्यांनी विचार करून सांगतो म्हटलं. त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं अजून सुरू झालेलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सही करताना खोली कुठल्या बाजूला येईल ते विचारलं, तिथे पाणी तुंबतं म्हणून. सेक्रेटरींचं म्हणणं असं की पायंडा पडेल, उद्या झाडूवाली आणि कार धुणारा मुलगाही मागतील. त्यावर पुढच्या सभेत बोलणं होईल. झाडूवालीसाठी काय करता येईल याचाही हिशेब तोवर मांडून ठेवायचा आम्ही ठरवलंय.